तीन गेजांची मिरज, अकरा फुटांत

दोन अंकांपूर्वी याच सदरात माझ्या माडीवरच्या मिरज जंक्शनचा फोटो छापून आला. त्यावर आलेली पत्रं संपादकांनी एका खाकी पाकिटात घालून पाठवली, सोबत चिठ्ठी : ‘उत्तरं तुम्हीच द्या, आम्हाला यातलं काही कळत नाही.’

ज्यांनी तो अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी मिरजेचा. चौतीस वर्षं दातांची लॅब चालवली. म्हणजे मी दंतवैद्य नव्हे. दंतवैद्य तोंडाचं माप पाठवायचे, मी कवळी करून द्यायचो. आता लॅब भाच्याकडे आहे आणि माझ्याकडे वरच्या खोलीत अकरा फूट लांब, अडीच फूट रुंद असं 1980च्या सुमाराचं मिरज स्टेशन आहे. त्या काळी मिरजेत तीन मापांचे रूळ होते. पुण्या-कोल्हापूरकडे ब्रॉडगेज, बेळगाव-लोंड्याकडे मीटरगेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडे नॅरोगेज. तिन्ही करायचे, हा माझा हट्ट. खरं तर अकरा फुटांत एकसुद्धा मावत नाही.

नाशिकहून एक निवृत्त वाचक : वय 61. लहानपणी चावीची आगगाडी होती, ती हौस राहून गेली. आता नीट मॉडेल रेल्वे करायची आहे. पण एचओ, ओओ, एन वाचून डोकं गरगरतं. सुरुवात कुठून करू?

पहिले सहा महिने माझंही गरगरत होतं. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि विकणारेसुद्धा त्या एकत्र कालवतात. एक स्केल, म्हणजे खरी वस्तू किती पटीनं लहान केली. दुसरी गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. एचओ म्हणजे 1:87 आणि रुळांत 16.5 मिलिमीटर. इंग्रजांचं ओओ म्हणजे 1:76, पण रूळ तेच 16.5चे, त्यांची गाडी अंगानं थोराड आणि पायानं एचओएवढीच. एन म्हणजे 9 मिलिमीटरचे रूळ, 1:160. त्याहून लहान झेड, 1:220, ते मेर्कलिन कंपनीनं 1972 मध्ये आणलं. आपल्या वयाच्या माणसानं त्याच्या वाटेला जाऊ नये. इंजिन रुळावर बसवायला सोनाराचा हात लागतो आणि शिंक आली की गाडी शोधत फिरावं लागतं.

आता आपल्याकडची मेख. भारतीय ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरचं. त्याला 87 नं भागा, 19.2च्या आसपास येतं. बाजारात मिळणारा रूळ मात्र 16.5चा, कारण तो युरोप-अमेरिकेच्या 1435 मिलिमीटरवरून आलाय. म्हणजे आपलं इंजिन पावणेतीन मिलिमीटर अरुंद पायांवर उभं राहतं. काही कट्टर मंडळी 19.2चे रूळ स्वतः घालतात. मी नाही घातले. समोरून पाहिलं की खटकतं, बाजूनं कळत नाही. म्हणून पाहुण्यांची खुर्ची मी बाजूलाच ठेवतो.

एचओ घ्या. एक इंजिन, चार डबे, बारा व्होल्टचा कंट्रोलर, लंबगोल रूळ एवढा संच पुरे. दुसरं इंजिन घेण्याचा मोह होईल, तेव्हा ते न घेता आधी एक फलाट बांधा. त्यासाठी ओढा किंवा खेरवाडीसारख्या एखाद्या छोट्या स्टेशनावर दोन सकाळी जाऊन बसा. नळ कुठे आहे, सावली कुठवर येते, बाकाची कुठली बाजू झिजलीय, कुत्रं कुठे झोपतं, हे वहीत उतरवा. मास्तरांना सांगून मात्र बसा. वहीत टिपणं काढणारा म्हातारा दिसला की पोलीस चौकशीला येतात. माझ्याकडे एकदा आले होते. शेवटी त्यातला एक हवालदार बसला आणि लहानपणी तिथे पाण्याची टाकी कुठे होती ते त्यानंच दाखवलं.

बार्शीहून : माझे आजोबा बार्शी लाइट रेल्वेत होते. त्यांची शिट्टी घरात आहे, फोटो एकही नाही. ही गाडी मॉडेलमध्ये करता येईल का? कुठल्या मापात?

तुमचं पत्र वाचून मी पहिल्यांदा कॅल्क्युलेटर काढला, आणि नंतर बायकोला हाक मारली.

बार्शी लाइटचं गेज अडीच फूट, 762 मिलिमीटर. भागिले 87, उत्तर 8.76. आणि एनचा तयार रूळ 9 मिलिमीटरचा! ब्रॉडगेजवाल्यांना जे नशिबात नाही ते तुम्हाला फुकटात मिळतंय. म्हणजे इंजिन आणि डबे एचओच्या मापाचे, त्याखाली चाकं आणि मोटर एनची. युरोपात या प्रकाराला एचओई म्हणतात आणि तिकडच्या डोंगरी गाड्यांसाठी तो सर्रास वापरतात. फक्त एनच्या तयार रुळाचे स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, फार बारीक आणि फार जवळजवळ असतात. मी एकाआड एक स्लीपर कापून काढले आणि उरलेले खडीत अर्धे बुडवले. नाहीतर लाकडी पट्ट्यांचे स्लीपर स्वतः घाला. वेळ लागतो, पण तुम्हाला कुठे पंढरपूर गाठायचंय!

तुमच्या गावच्या गाडीबद्दल तुम्हाला सांगणं म्हणजे आगाऊपणा, तरी सांगतो, कारण मॉडेल करताना त्याचा उपयोग होतो. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं ही लाइन आखली आणि 1897 मध्ये कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत गाडी सुरू झाली. कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार द्यायचा नाही, हे त्याचं सूत्र. भार सारखा वाटला की हलके रूळ चालतात, हलका पूल चालतो, खर्च उतरतो. म्हणून लीड्सच्या किटसन कारखान्यानं केलेल्या पहिल्या इंजिनांना आठ चालती चाकं आणि मागे आणखी चार. आपल्या दृष्टीनं ही मोठी सोय, कारण एनच्या एखाद्या मालगाडीच्या इंजिनाचा सांगाडा खाली घालता येतो आणि वरची टाकी-केबिन ॲक्रिलिकमध्ये ओतता येते. पुढे याच कॅलथ्रॉपनं इंग्लंडात लीक अँड मॅनिफोल्ड नावाची छोटी लाइन केली, 1904 ची. गेज तेच अडीच फूट, इंजिनंही किटसनचीच, तुमच्या इंजिनांची धाकटी भावंडं म्हणा. ती 1934 मध्ये बंद पडली, पण तिथले हौशी लोक अजून तिची मॉडेलं करतात, त्यामुळे नकाशे आणि मोजमापं शोधायची तर त्या नावानंही शोधा. हा माणूस नंतर पॅराशूट बनवण्याच्या नादी लागला. रुळावर भार कमी करता करता थेट हवेत गेला.

लाइन 1906 मध्ये पंढरपूरला, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये आमच्या मिरजेला पोचली. बंद होण्याच्या आधी मी मिरज ते पंढरपूर हा प्रवास मुद्दाम केला. आरग, सलगरे, कवठेमहांकाळ, ढालगाव, जत रोड, सांगोला. तेव्हा डिझेल इंजिन होतं. मी कॅमेरा आणि सहा इंचांची पट्टी घेऊन गेलो होतो, कवळीचं माप घेतात त्या थाटात. खिडकीची उंची मोजली, बाकाच्या फळ्या मोजल्या, दाराच्या कडीचं माप घेतलं. ढालगावच्या पुढे समोरच्या म्हातारीनं विचारलं, “डबा इकत घेनार हाय का?” मी खरं उत्तर दिलं, की छोटा करून घरात ठेवणार आहे. ती म्हणाली, “मग टपावरली मान्सं बी कर. आखाडीला आम्ही टपावरनंच जायचो.”

आता माझ्या नॅरोगेजच्या तिसऱ्या डब्याच्या टपावर एकोणीस वारकरी आहेत. दोन सेंटिमीटरला थोडे कमी एवढी उभ्या माणसाची उंची, बसलेले त्याहून कमी. दातांच्या मेणात कोरले, लेक्रॉन कार्व्हरनं, तेच हत्यार ज्यानं मी दाढांच्या खाचा कोरायचो. तुमच्या आजोबांची शिट्टी आहे ना? मग फलाटावर शिट्टी तोंडात धरलेला माणूस सगळ्यात आधी करा. गणवेशाचा रंग घरातल्या वयस्कर माणसांना विचारा, माझ्यावर अवलंबून राहू नका.

बायकोला हाक का मारली ते राहिलं. 2016च्या एप्रिलात लातूरला पाणी घेऊन ‘जलदूत’ मिरजेहून निघाली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ती पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी याच वाटेनं गेली, तोवर ब्रॉडगेज झालेल्या. त्या दिवशी आम्ही दोघं स्टेशनावर गेलो होतो आणि ती म्हणाली होती, “जुनी छोटी गाडी असती तर किती खेपा कराव्या लागल्या असत्या?” मी तेव्हा उत्तर दिलं नव्हतं. तुमच्या पत्राच्या निमित्तानं हिशेब मांडायला बसलो, पण जुन्या गाडीला किती डबे जोडत यावर आमचं एकमत होईना. तो वाद चालू आहे.

डोंबिवलीहून एक भगिनी : आमच्या ह्यांनी हॉलमध्ये रेल्वे मांडली आहे. आधी टीपॉयवर होती, मग जेवणाच्या टेबलावर आली, आता सोफ्याच्या मागून बोगदा जातो. पाहुणे आले की लाज वाटते. तुमच्या घरी हे कसं चालतं?

ताई, तुमचा प्रश्न मी बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, “त्यांना माझा नंबर द्या.” म्हणून उत्तर मीच देतो.

आमच्याकडे करार झालाय, तोंडी, पण मोडला की परिणाम होतात. रेल्वे खालच्या मजल्यावर उतरणार नाही. स्वयंपाकघरातली कुठलीही चाळणी विचारल्याशिवाय वर जाणार नाही (क्रशरची कच चाळून खडी करताना दोन गेल्या). फेविकॉल लावलेल्या हातानं फोन उचलायचा नाही. आणि रेल्वेवर महिन्याला जेवढा खर्च होईल तेवढाच तिच्या नाटकांवर आणि प्रवासावर. या शेवटच्या कलमानं माझा खर्च आपोआप निम्म्यावर आला. ह्यांना सुचवून पाहा.

जागेचं म्हणाल तर डोंबिवलीत माडी कुठून आणायची, हे खरं. पण चार फुटांचे दोन हलके तुकडे करून दिवाणाखाली सरकवता येतात. मधला सांधा बोल्टनं जुळवायचा, रूळ कापलेले, वायरींना प्लग. रविवारी बाहेर, रविवारी रात्री आत. भिंतीवर दीड फूट रुंदीची फळी, डोक्याच्या उंचीवर, हीसुद्धा चांगली. झाडूला आड येत नाही. सोफ्यामागचा बोगदा मात्र काढायला सांगा. बोगद्यात गाडी घसरली की हात पोचला पाहिजे. तिथे हात पोचत नसणार आणि मग सोफा रोज हलत असणार.

आणखी एक सांगू का? रागावू नका. ह्यांना म्हणावं, तुमच्या माहेरचं स्टेशन करा. माझी बायको लग्नाआधी पंढरपूरला मामाकडे जायची, मिरजेत मीटरगेजमधून उतरून नॅरोगेजला चढायची. मी पुस्तकं पाहून, फोटो पाहून स्टेशन केलं आणि दाखवायला वर बोलावलं. तिनं दोन मिनिटं पाहिलं. “नळ कुठाय? गाडी बदलताना आई सगळ्यांची तोंडं धुवायची. आणि चहावाल्याचा स्टो फलाटाच्या मध्ये नव्हता, भिंतीला लागून होता, वारा लागू नये म्हणून.” इंजिनाचा नंबर बरोबर आहे का, हे तिनं पाहिलंही नाही. ते सगळं मी पुन्हा केलं. आता पाहुणे आले की दाखवायला तीच नेते, मी मागे उभा.

रत्नागिरीहून : पावसाळ्यात गाडी अडखळते. रूळ पॉलिश पेपरनं घासतो, दोन दिवस ठीक, पुन्हा तेच. प्लायही फुगला आहे.

पॉलिश पेपर आजपासून बंद. त्यानं रुळावर बारीक चरे पडतात आणि त्या चऱ्यांत घाण आणखी घट्ट बसते. मीसुद्धा पहिल्या वर्षी हेच केलं. कवळीला झिलई द्यायचा हात होता ना, रूळ आरशासारखे केले आणि दिवाळीपर्यंत वाट लागली. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, सुती फडक्याला लावा, पुसा. रुळाइतकीच चाकंही पुसा; निम्मी घाण चाकांवर असते आणि तीच परत रुळावर पसरते. रूळ पितळी किंवा लोखंडी असतील तर निकेल सिल्व्हरचे घ्या. नावात चांदी आहे पण चांदीचा कण नसतो, तांबं-निकेल-जस्ताचा मिश्रधातू. तोही काळवंडतो, पण लोखंडासारखा गंजत नाही.

अडखळण्याचं दुसरं कारण बहुतेक वायरिंग असणार. एकाच ठिकाणी वीज दिली की ती जोडपट्ट्यांतून पुढे पुढे जाताना मंदावते. दर तीन फुटांवर खालून जाड वायरीचा फाटा सोल्डर करा. मल्टिमीटरनं लांबच्या टोकाला व्होल्टेज बघा, तुम्हालाच हसू येईल.

प्लाय फुगला तर आता त्याला नमस्कार करून बदला. मरीन प्लाय घ्या आणि खालची बाजू, कडा, भोकं सगळं वार्निश करा. लोक वरून रंगवतात आणि खालून उघडं ठेवतात, म्हणजे छत्री घेऊन अनवाणी जायचं. रूळ जोडताना कागदाच्या पुठ्ठ्याएवढी फट सोडा. उन्हानं रूळ वाढतात म्हणून ती सोडतात असं सगळे म्हणतात. खोलीतल्या एवढ्याशा रुळाची वाढ फार थोडी. खरं हलतं ते खालचं लाकूड.

कर्जतहून : घाट करतोय. खऱ्या बोर घाटासारखा 37 ला 1 चढ मॉडेलमध्ये चालेल का? आठ फुटांची जागा आहे.

इंजिन चढेल. जागा चढणार नाही.

37 ला 1 म्हणजे 37 पुढे गेलं की 1 वर. आठ फूट म्हणजे 2440 मिलिमीटर धरा, भागिले 37, उंची मिळाली 66. एका रुळावरून दुसरा रूळ न्यायचा तर खालची गाडी जायला, वरच्या पुलाची जाडी धरून 75 तरी लागते. तेवढ्यासाठी सरळ चढ नऊ फुटांहून लांब हवा. म्हणजे वळणं आली. आणि वळणावर पाहा काय होतं. आपल्या ब्रॉडगेजवर 10 अंशांपेक्षा तीव्र वळण घेत नाहीत, त्याची त्रिज्या 175 मीटर, एचओत दोन मीटर. संचातलं वळण असतं दीड फुटांच्या आसपास. म्हणजे खऱ्या रेल्वेत जिथे इंजिन जाऊच दिलं नसतं तिथून आपण ते डोंगरावर चढवतोय. त्या वळणाच्या घर्षणानं चढ आणखी कडक लागतो. म्हणून दोघांतलं एकच करा : चढ ठेवा किंवा तीव्र वळण ठेवा.

तुमच्या जागी मी असतो तर गाडी चढवलीच नसती. तुम्ही कर्जतचे आहात! कर्जतला गाडीच्या मागे बँकर, म्हणजे घाटात मागून ढकलणारी इंजिनं, लागतात, ते पाहायला आम्ही मिरजेहून येतो. फक्त तेवढंच करा. सपाट आठ फूट, मुंबईहून गाडी येते, मागून बँकर इंजिनं हळू येऊन टेकतात, शिट्टी, आणि गाडी डोंगराच्या चित्रामागे निघून जाते. घाट 1863 मध्ये खुला झाला तेव्हा तर वर रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी तिथे थांबून उलटी निघायची. 1920च्या दशकाअखेर ते गेलं. जुना काळ घेतलात तर तेही एका फळीवर बसेल, आणि उलटसुलट गाडी चालवायला लंबगोल लागतच नाही. बँकर लावताना दोन्ही इंजिनांचा वेग आधी वेगवेगळा तपासा. मागचं जोरात असलं की मधले हलके डबे वळणावर बाहेर फेकले जातात. डब्यांत थोडं वजन घाला; मी टायरवाल्याकडची शिशाची बॅलन्सिंगची वजनं चिकटवतो. ती हाताळली की हात धुवा.

कोल्हापूरहून : मुलगा जर्मनीत स्टुटगार्टजवळ असतो, जूनमध्ये आम्ही दोघं जातोय. रेल्वे मॉडेलवाल्यानं काय पाहावं, काय आणावं?

माझी मुलगी तिथेच आहे. दोन खेपा झाल्यात, त्यामुळे हा प्रश्न मी अधाशासारखा घेतो.

हँबर्गचं मिनिआतुर वुंडरलँड पाहायचंच, तिकीट आधी काढून. जुन्या गोदामांच्या वस्तीत 2001 मध्ये दोघा भावांनी सुरू केलेलं; एचओचे पंधरा किलोमीटरहून जास्त रूळ आहेत आणि दर पंधरा मिनिटांनी तिथे रात्र पडते. विमानतळसुद्धा केलाय, विमानं धावपट्टीवरून उठतात. मी चार तास उभा होतो. जावई म्हणाला, बाबा, खाली बसा. पण खरं सांगू, बाहेर आल्यावर मला काही आठवेना. एवढं सगळं होतं की एकही नळ लक्षात राहिला नाही.

स्टुटगार्टहून उल्मच्या बाजूला लोकल गाडीनं गोपिंगनला जा. मेर्कलिन 1859 पासून तिथली, संग्रहालय आहे. ते बघून परत फिरू नका, त्याच लाइननं पुढे गाइसलिंगनला उतरा. तिथून आम्श्टेटनपर्यंत डोंगर चढणारा रेल्वेचा घाट आहे, 1850 चा, म्हणजे आपल्या बोर घाटाहून जुना. चढ साडेचव्वेचाळीसला एक. मी गेलो तेव्हा लांबलचक मालगाडीला मागून इंजिन ढकलत होतं, अगदी कर्जतसारखं. मी रुळालगतच्या पायवाटेवर बायकोनं दिलेली दशमी खात उभा होतो. एक जर्मन म्हातारा स्टूल, थर्मास आणि वही घेऊन आधीच बसलेला. माझं जर्मन ‘डांके’पर्यंत. त्यानं वही दाखवली, मी माझी दाखवली. त्याच्या वहीतही बाक आणि नळ होते! दशमी त्याला आवडली, चटणीनं मात्र डोळे पुसले.

आता आणण्याचं. एक खड्डा सांगून ठेवतो, मी त्यात पडलोय. मेर्कलिनची एचओ पद्धत वेगळी. त्यात वीज मधल्या बारीक खिळ्यांच्या ओळीतून येते आणि दोन्ही रूळ एकच तार म्हणून वापरतात. त्यामुळे चाकं एकमेकांपासून विलग केलेली नसतात. आपल्या साध्या दोन रुळांच्या मांडणीवर ते इंजिन ठेवलं की सरळ शॉर्ट. जुन्या बाजारात मला सुंदर हिरवं इंजिन स्वस्तात मिळालं, मी काही न विचारता घेतलं, मिरजेत येऊन रुळावर ठेवलं आणि मिरज जंक्शनचे सगळे दिवे गेले. चूक सर्वस्वी माझी. खाली उलटं करून पाहिलं असतं तर मधली सरकपट्टी दिसली असती. आता ते शोकेसमध्ये आहे. दोन रुळांची गाडी हवी तर ट्रिक्स नावानं मागा, ते त्याच घरचं.

विजेची काळजी नको, तिकडे 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ, आपल्यासारखंच. इंजिनं हातातल्या बॅगेत ठेवा. रूळ मात्र सामानात टाका. मी ते हातातल्या पिशवीत घेतले, क्ष-किरणात काय दिसलं कोण जाणे, पण पिशवी उघडायला लावली. बायको शेजारी उभी राहून अनोळखी असल्यासारखं वागली.

अकोल्याहून, इयत्ता सातवी : आजोबा, मी पुठ्ठ्याचं स्टेशन केलं आहे. इंजिन नाही. एकाच रुळावर दोन गाड्या वेगवेगळ्या वेगानं कशा चालवतात?

बाळ, तुझं पत्र सगळ्यात नीट अक्षरातलं होतं.

साध्या पद्धतीत वेग रुळातल्या विजेवर ठरतो. कंट्रोलर फिरवला, वीज वाढली, की रुळावरची सगळी इंजिनं पळणार. तारा उलट जोडल्या की सगळी उलटी पळणार. दुसऱ्या पद्धतीला डीसीसी म्हणतात. तिच्यात रुळात वीज कायम पूर्ण असते आणि तिच्याबरोबर संदेश जातात. प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक छोटी पाटी असते, तिला डीकोडर म्हणतात, आणि तिला नंबर असतो. बाई वर्गात ‘रोल नंबर 12, उभी राहा’ म्हणतात तेव्हा ऐकतात सगळे, उठतं एकच, तसं. नव्या डीकोडरचा नंबर बहुतेक वेळा 3 असतो. मी दोन नवी इंजिनं तशीच ठेवली, तर एकाला हाक मारली आणि दोन्ही निघाली, समोरासमोर.

इंजिन नाही म्हणून थांबू नकोस. तुमच्या अकोल्यात खंडव्याकडून येणारी मीटरगेज होती. आजीला किंवा शेजारच्या कुणाला विचार, ती गाडी कुठल्या बाजूला उभी राहायची आणि पाणी कुठे भरायचे. तुझ्या स्टेशनात ते आधी कर. एचओत मीटरगेजला 12 मिलिमीटरचा रूळ लागतो, तो पुठ्ठ्यावर काढलास तरी चालेल. सुट्टीत पुण्याला आलीस तर कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय आहे, 1998 पासूनचं. दिवे मालवून रात्र करतात तेव्हा पुढच्या रांगेत बस. मोठी माणसं डोकं मध्ये घालतात. त्यांना बाजूला व्हा म्हणून सांग, मलाही सांगितलंस तरी चालेल.

सांगलीहून, पोस्टकार्ड : सगळं ठीक, तुमच्या मिरजेत गाडी वेळेवर येते का?

ब्रॉडगेज येते. मीटरगेजचा सांधा गेल्या मंगळवारपासून चिकटलाय. नॅरोगेज ढालगावजवळ थांबवली आहे, टपावरचा एक वारकरी खाली पडला, तो सापडेपर्यंत खोली झाडायची नाही असं मी सांगून ठेवलंय.